सायटेशन किती आणि कशाचं? बारामतीचा एक निबंध आणि आपली पऱ्हाटी

पावसाळा सरत आला की दरवर्षी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक बातमी फिरते. जगातल्या 'टॉप दोन टक्के' शास्त्रज्ञांत विदर्भातले अमुक प्राध्यापक. सोबत फोटो, पुष्पगुच्छ, एच-इंडेक्स इतका, सायटेशन तितके. मला त्यात काही वावगं वाटत नाही. नगरसेवकाच्या वाढदिवसाचे बॅनर लागतात, तर संशोधकाचं अभिनंदन का होऊ नये? पण मागच्या खेपेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, सायटेशन तीन हजार म्हणजे नेमकं काय झालं?" हा पोरगा आता कृषी केंद्र चालवतो. दोन ओळीत उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट झालं असतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी ही मोजणी आली कुठून ते बघू, कारण तिथंच खरी गंमत आहे.

आपल्या वर्धेच्या कोर्टातल्या कुठल्याही वकिलाला विचारा. जुना निवाडा पुढं करायचा असेल, तर तो नंतर वरच्या कोर्टानं फिरवला तर नाही ना, हे आधी तपासावं लागतं. नाहीतर समोरचा वकील भर कोर्टात तोंडघशी पाडतो. अमेरिकेत १८७३ पासून फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसानं याच कामासाठी याद्या छापायला सुरुवात केली. प्रत्येक निवाड्यापुढं नंतरच्या कुठल्या निवाड्यांत त्याचा उल्लेख आला त्याची नोंद, आणि सोबत खूण: इथं उचलून धरला, इथं फिरवला. यूजीन गारफील्ड यांना ही पद्धत विज्ञानात आणावीशी वाटली. १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी तसा प्रस्ताव मांडला. हेतू असा, की चुकीचे, अर्धेकच्चे किंवा कालबाह्य झालेले निष्कर्ष कुणी न तपासता पुढं पुढं नेऊ नयेत. १९६४ मध्ये त्यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आला.

आता बघा. शेपर्डच्या यादीतला जीव त्या खुणेत होता. विज्ञानाच्या यादीत ती खूण आलीच नाही. उल्लेख झाला, एक आकडा वाढला. कौतुकानं केला की खोडून काढायला केला, आकड्याला सारखंच. पुढं २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स काढला. तुमच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले असतील तर तुमचा एच वीस. सोपं, सुटसुटीत, बढतीच्या फॉर्मवर एका रकान्यात मावणारं. आणि ती दोन टक्क्यांची यादी म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन इओआनिडिस यांच्या चमूनं स्कोपस नावाच्या डेटाबेसवरून बनवलेली. २०१९ पासून ती येते आहे. त्यांनी ती बऱ्यापैकी काळजीनं बनवली आहे, स्वतःच स्वतःचे उल्लेख करणाऱ्यांना वेगळं काढायची सोयही ठेवली आहे. पण 'फिरवला' ही खूण तिच्यातही नाही.

एवढं सगळं हवेत बोलून उपयोग नाही. आपल्या वावरातलं उदाहरण घेऊ.

आपल्याकडं फवाऱ्याच्या विषाला औषध म्हणतात. 'औषध मारलं का?' 'पऱ्हाटीवर औषध घालायचं आहे.' माझ्या आजोबांपासून हाच शब्द. दुकानदार औषध देतो, डब्यावर लाल-पिवळा त्रिकोण असतो, आणि तेच पोटात किंवा अंगात गेलं की मग दवाखान्यातलं दुसरं औषध शोधायला पळावं लागतं. या दुसऱ्या औषधाची, म्हणजे उताऱ्याची गोष्ट सांगतो.

ही विषं ज्या कुटुंबातली, त्याला ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात. जर्मनीच्या आय.जी. फार्बेन कंपनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनतज्ज्ञ कीटकनाशकं शोधत होता. १९३६ च्या शेवटी त्याला एक असं रसायन सापडलं की त्याचा अंश हवेत गेला तरी त्याला स्वतःला त्रास व्हायला लागला. तो टाबुन, पहिला नर्व्ह गॅस. लष्करानं तो ताब्यात घेतला. त्याच संशोधनातून १९४४ च्या सुमारास पॅराथिऑन निघालं, ते युद्धानंतर शेतीत आलं. म्हणजे माणूस मारायचं रसायन आणि मावा-तुडतुडा मारायचं रसायन सख्खी भावंडं आहेत, हे रूपक नव्हे, कागदोपत्री इतिहास आहे.

भारतात याची पहिली मोठी ओळख झाली केरळात. १९५८ साली जहाजातून गव्हाचं पीठ आणि पॅराथिऑन एकत्र आलं, गळती झाली, आणि त्या पिठाचं खाऊन शंभरावर माणसं गेली. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग बसला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा आला. आजही तोच चालतो. तुमच्या गावातल्या कृषी केंद्राच्या भिंतीवरचा परवाना याच कायद्याखालचा.

हे विष शरीरात करतं काय? आपल्या नसा स्नायूंना निरोप देतात तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाकरवी. निरोप पोचला की एक एन्झाइम, कोलिनेस्टरेज, तो पुसून टाकतं. फळा पुसण्यासारखं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच पकडून ठेवतं. निरोपावर निरोप साचतात. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक, छातीत पाणी भरतं, स्नायू थरथरतात आणि मग श्वासाचे स्नायूच थकून थांबतात. ज्यानं एकदा असा रुग्ण पाहिला, तो विसरत नाही.

डॉक्टरांकडं दोन हत्यारं. पहिलं ॲट्रोपिन, जे साचलेल्या निरोपांना दारातच अडवतं. ते काम करतं, यावर फारसा वाद नाही. दुसरं प्रॅलिडॉक्सिम, ज्याला आपल्याकडचे डॉक्टर 'पॅम' म्हणतात. ते विषाच्या तावडीतून एन्झाइमला सोडवतं. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आयर्विन विल्सन यांच्या कामातून १९५५ च्या सुमारास ते पुढं आलं. प्रयोगशाळेत झकास चालतं. पुढं पन्नास वर्षं जगभर ते दिलं गेलं, पण रुग्ण त्यानं वाचतो का, आणि किती द्यायचं, हे कुणी धडपणे मोजलंच नव्हतं. श्रीमंत देशांत असे रुग्ण थोडे. रुग्ण आपल्याकडं, आणि आपल्याकडं ट्रायल करायला वेळ कुणाला?

नव्वदच्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं हे काम हाती घेतलं. त्यांच्या ट्रायलमध्ये पॅमनं फायदा दिसला नाही, उलट नुकसानाची शंका आली. टीकाकार म्हणाले, डोस कमी पडला.

आणि मग बारामती.

बारामती म्हटलं की आपल्याला राजकारण आठवतं, ते राहू द्या बाजूला. तिथल्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये डॉ. कीर्ती पवार, डॉ. रमेश भोईटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषबाधेच्या दोनशे रुग्णांवर ट्रायल केली. मेडिकल कॉलेज नाही, संशोधन संस्था नाही, तालुक्याच्या गावातलं हॉस्पिटल. रुग्ण मध्यम-गंभीर बाधेचे. सगळ्यांना सुरुवातीला दोन ग्रॅम पॅम. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी. शंभर जणांना नेहमीच्या पद्धतीनं दर चार तासांनी एक ग्रॅम. उरलेल्या शंभर जणांना अखंड सलाइनमधून दर तासाला एक ग्रॅम, सलग ४८ तास. हिशेब करा, दोन दिवसांत नेहमीपेक्षा चौपट.

निकाल असा. नेहमीच्या गटात ८८ जणांना श्वासनळीत नळी घालावी लागली, जास्त डोसच्या गटात ६४ जणांना. पहिल्या चोवीस तासांत लागलेलं ॲट्रोपिन मध्यमानानं ३० मिलिग्रॅम विरुद्ध ६. व्हेंटिलेटरचे दिवस दहा विरुद्ध पाच. आणि मृत्यू, आठ विरुद्ध एक. डिसेंबर २००६ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. लॅन्सेट म्हणजे वैद्यकातलं काय आहे ते डॉक्टर मंडळींना सांगायला नको, इतरांसाठी एवढंच सांगतो, की मोठमोठ्या संस्थांतल्या लोकांचं अख्खं आयुष्य त्यात एक निबंध छापून येण्याची वाट बघण्यात जातं.

मला या निबंधाचं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? प्रश्न त्यांच्या दारात रोज स्ट्रेचरवर येत होता, तोच त्यांनी घेतला. परदेशातून विषय उसना आणला नाही. दोनशे रुग्णांतला एकही मधून गळला नाही, सगळ्यांचा शेवटपर्यंत हिशेब ठेवला. आपल्या भागात ज्याला 'रिसर्च' म्हणतात त्यातल्या किती कामांत असं असतं ते तुम्हीच ठरवा.

आता पुढची गोष्ट, आणि मुद्दा इथं आहे.

श्रीलंकेत मायकेल एडलस्टन नावाचे ब्रिटिश डॉक्टर नव्वदच्या दशकापासून विषबाधेच्या रुग्णांवर काम करत होते. त्यांची पॅमवरची ट्रायल २००९ मध्ये 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आली. २३५ रुग्ण. बारामतीत सगळ्यांना पॅम होतं, फक्त डोस कमीजास्त. इथं मात्र एका गटाला पॅम आणि दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते डॉक्टरलाही माहीत नाही. पॅम दिलेल्यांत मृत्यू २४.८ टक्के, मिठाच्या पाण्यावाल्यांत १५.८ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याइतका नव्हता, पण फायदा तर दिसला नाहीच. विचित्र म्हणजे पॅमनं रक्तातलं एन्झाइम खरोखर सोडवलं होतं. एन्झाइम सुटलं, माणूस सुटला नाही.

मग बारामती चूक? इतकं सरळ नाही. बारामतीचे रुग्ण मध्यम बाधेचे होते, आयसीयूत होते, व्हेंटिलेटर हाताशी होता. ट्रायल खुली होती, डॉक्टरांना गट माहीत होता, ही तिची कमजोरी. आणि एक गोष्ट कास्तकारानं समजून घेण्यासारखी आहे. या विषांत दोन पोटजाती आहेत, डायइथाइल आणि डायमिथाइल. विषानं पकडलेलं एन्झाइम काही वेळानं कायमचं 'पिकतं', मग पॅम कितीही द्या, ते सुटत नाही. डायइथाइलमध्ये निम्मं एन्झाइम पिकायला साधारण ३३ तास लागतात, डायमिथाइलमध्ये ३.७ तास. आपल्याकडं वर्षानुवर्षं सर्रास विकलं गेलेलं मोनोक्रोटोफॉस डायमिथाइल जातीचं. आता आष्टी-कारंजाच्या आतल्या एखाद्या गावाहून निघा. आधी घरातल्यांच्या लक्षात येणं, मग गाडी शोधणं, तालुक्याचा दवाखाना, तिथून 'पुढं न्या', मग सेवाग्राम किंवा सावंगी. पावणेचार तास कुठं जातात कळत नाही. बारामतीचं उत्तर बारामतीच्या अंतरावर बरोबर असू शकतं आणि आपल्या अंतरावर नसू शकतं.

२०११ मध्ये कोक्रेन या संस्थेनं सगळ्या ट्रायल एकत्र ठेवून बघितल्या. निष्कर्ष: पॅमनं फायदा होतो की तोटा, ठरवायला पुरावा अपुरा.

तर आता सायटेशन मोजा. बारामतीच्या निबंधाचे उल्लेख शेकड्यांनी आहेत. पॅमवर पुढं जे गंभीरपणे लिहिलं गेलं त्यात बारामती टाळून जाताच येत नाही. त्यातले काही म्हणतात 'असा डोस द्या', काही म्हणतात 'आम्हाला तसं दिसलं नाही', काही नुसतं नाव घेऊन पुढं जातात. आकड्यात तिन्ही सारखे. आणि एच-इंडेक्सच्या हिशेबानं ज्या डॉक्टरच्या नावावर असा एकच निबंध आहे, त्याचा एच एक. फक्त एक! दहा निबंध मित्रांत आपापसात उल्लेखून घेणारा त्याच्या दहापट मोठा शास्त्रज्ञ. माझ्या लेखी हा आकड्याचा विनोद आहे. ज्या निबंधानं जगभरच्या डॉक्टरांना पुन्हा विचार करायला लावलं, भांडायला लावलं, त्याचं वजन त्या भांडणात आहे.

आपल्या जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, वेगळ्या विषयातलं. वर्ध्यात जन्मलेल्या, सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेल्या डॉ. अभय बंग यांचा नवजात बाळांच्या घरगुती देखभालीवरचा १९९९ चा लॅन्सेट निबंध. तो पुढं २०११ मध्ये आशाताईंच्या कामात देशभर आला. तिथं उल्लेख मोजायची गरजच पडत नाही, आशाताईच्या पिशवीतला वजनकाटा पुरे.

एडलस्टन यांचं काय झालं, तेही सांगायला हवं. मला वाटतं संशोधकाची कारकीर्द म्हणून ती जास्त शिकवणारी आहे. त्यांनी पॅम तपासलं, फायदा नाही. पोटात वारंवार कोळशाची पूड देण्याचा उपाय साडेचार हजारांवर रुग्णांत तपासला, २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापला, तिथंही फायदा नाही. 'चाललं नाही' असं छापायला धाडस लागतं, हे आपल्याकडच्या पीएचडी करणाऱ्यांनी जरा लक्षात घ्यावं. पण त्याआधी, २००५ मध्ये त्यांच्या चमूनं एक साधी मोजणी केली होती. एकाच कुटुंबातली तीन विषं, उपचार तेच, दवाखाने तेच. मृत्यूचं प्रमाण एकात ८ टक्के, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात २३. म्हणजे डॉक्टर काय करतो यापेक्षा दुकानात कुठला डबा होता यावर जास्त अवलंबून.

त्यांचं काम हळूहळू उताऱ्याकडून डब्याकडं वळलं. श्रीलंकेनं १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, १९९८ मध्ये एन्डोसल्फान बंद केलं, पुढं आणखी काही. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. डी नाइप, डेव्हिड गनेल आणि एडलस्टन यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार साधारण ९३ हजार जीव वाचले. पीक घटल्याचं आढळलं नाही. माणसाच्या मनातलं दुःख बंदीनं जात नाही, हे खरंच. पण तो काळा क्षण टळला तर बहुतेक माणसं पुढं जगतात, हे यातून दिसलं. विदर्भात राहून हा आकडा वाचताना मला शांत बसवत नाही. (कुणाच्या घरात असा विचार घोळत असेल तर बोला, कुणाला तरी सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.)

आणि आपण?

मोनोक्रोटोफॉसची कहाणी ऐका. अमेरिकेत त्याचा वापर १९८८ पासून बंद. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांवर स्वेन्सन्स हॉक नावाचे ससाणे हजारोंनी मरून पडले. टोळ-नाकतोडे मारायला फवारलेलं मोनोक्रोटोफॉस, ते खाल्लेले किडे, ते किडे खाल्लेले पक्षी. पर्यावरणाच्या विषशास्त्रात हे उदाहरण आज पाठ्यपुस्तकात असतं. काही वर्षांतच त्या देशात ते बंद झालं. भारतात २००५ मध्ये भाजीपाल्यावर मनाई झाली, कपाशीवर चालू. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या मोनोक्रोटोफॉसच्या आरोग्य-परिणामांचा स्वतंत्र आढावा प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये बिहारच्या छपरा भागात शाळेच्या जेवणात ते गेलं, २३ लेकरं मेली. त्याच वर्षी केंद्रानं डॉ. अनुपम वर्मा समिती नेमली: इतर देशांत बंद किंवा मर्यादित असलेली आणि आपल्याकडं चालू असलेली ६६ कीटकनाशकं तपासायला. सहासष्ट!

या मधल्या काळात कपाशीचं गणितही बदलत होतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत डॉ. केशव क्रांती यांनी वर्षानुवर्षं एक काम केलं, किडी औषधांना किती सरावल्या ते मोजणं. हेही विषशास्त्रच, फक्त माणसाऐवजी बोंडअळीचं. २००२ मध्ये त्यांचा कपाशीच्या पाच मुख्य किडींच्या प्रतिकारशक्तीवरचा निबंध आला, त्याच वर्षी बीटी आलं. सुरुवातीला बोंडअळीची फवारणी खरंच घटली. मग रसशोषक किडी वाढल्या, मग गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. २०२० मध्ये क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी 'नेचर प्लांट्स'मध्ये लिहिलं, की कास्तकाराचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटी येण्याआधीपेक्षाही वर गेला आहे. हा निबंध जगभर उल्लेखला गेला. आमच्या पारावर मात्र हे निबंध न वाचताच सगळ्यांना माहीत होतं. खतावणीची वही दरवर्षी तेच सांगत होती.

आणि २०१७. वर्धा नदीच्या पलीकडं यवतमाळ. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त कास्तकार-मजूर गेले, शेकडो भरती झाले. कुणी प्यायलेलं नव्हतं. पऱ्हाटी त्या साली डोक्याइतकी वाढलेली, दमट हवा, बॅटरीवरचे जोरदार पंप, दोन-तीन औषधं एकत्र करून मारण्याची रीत, आणि हातमोजे-मास्क कुणाकडं? ज्या कोलिनेस्टरेजबद्दल मी एवढं लिहिलं, त्याची रक्ततपासणी जिल्ह्यात होऊ शकत नव्हती, हेही तेव्हा उघड झालं. ऐंशी वर्षांचं ज्ञान, शेकडो निबंध, हजारो सायटेशन. आणि बाधा झाली की नाही हे सांगणारी तपासणी नदीपलीकडं नव्हती.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रानं १८ कीटकनाशकं बंद केली, बारा लगेच, सहा २०२० अखेर. मोनोक्रोटोफॉस त्यात नव्हतं. मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा आला, त्यात ते होतं. मग हरकती, सूचना, समित्या. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश निघाला. डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल बंद, आणि मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण, म्हणजे तोच डबा जो आपल्या प्रत्येक दुकानात असायचा, त्याची नोंदणी रद्द. तीही शिल्लक साठा संपवायला मुदत देऊन. मसुद्यातल्या बाकीच्या नावांवर पूर्ण बंदी आली नाही.

श्रीलंकेत १९९५, आपल्याकडं २०२३. अठ्ठावीस वर्षांचं अंतर. या अठ्ठावीस वर्षांत विज्ञान कमी पडलं असं मला कुठं दिसत नाही. वेल्लोर होतं, बारामती होतं, नागपूर होतं.

आता शेवटचं, माझ्या त्या विद्यार्थ्यासाठी खास, कारण गिऱ्हाईक त्याला विचारतात. २०१७ च्या यवतमाळ प्रकरणात एका औषधाचं नाव सारखं आलं, पोलो. त्यातला घटक डायफेन्थियुरॉन. स्विस कंपनी सिंजेंटाचं उत्पादन. बाधितांच्या संघटनेनं आणि इतर संस्थांनी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याविरुद्ध तक्रार नेली. कंपनीनं आपल्या उत्पादनामुळं हे झालं असं मान्य केलेलं नाही. तो वाद तिथला. इथं कामाचं एवढंच: डायफेन्थियुरॉन ऑर्गॅनोफॉस्फेट नाही. वर सांगितलेलं पॅम, बारामतीचा डोस, ३३ तास आणि ३.७ तास, यातलं काहीच त्याला लागू नाही. त्याला विशिष्ट उतारा नाही, लक्षणं दिसतील तसे उपचार करावे लागतात. म्हणून दवाखान्यात जाताना रिकामा डबा सोबत न्या. दोन-तीन औषधं मिसळली असतील तर सगळे डबे न्या. आणि बिल देताना, भाऊ, औषधाचं नाव तांत्रिक घटकासकट लिही. नुसतं 'फवारा औषध' लिहून ठेवलंस तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.